मापाच्या वेळी बोलायचं नाही

आईला आपल्या घरी, टेमाला न्यायचं हे फीफीने ठरवून टाकलं होतं, आणि फीफीने ठरवलं की बाकीच्यांनी फक्त कधी आणि कसं एवढंच बोलायचं, हे अराबाच्या लहानपणापासून अंगवळणी पडलं होतं. वास्तविक ती त्याच्याहून मोठी. कुमासीच्या शाळेत पोरं तिच्या नुसत्या चष्म्याला घाबरत. पण धाकटा भाऊ समोर आला की तिचा आवाज आपोआप खाली यायचा. त्या शनिवारी ती बसमधून आईच्या गावच्या, अनोमाबोच्या फाट्यावर उतरली, तीसुद्धा त्याच्याच बाजूने बोलायला.

कारणही तसंच होतं. मागच्या महिन्यात फीफीने आईला केप कोस्टच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथे बीपीचा वरचा आकडा एकशे शहाऐंशी निघाला. डॉक्टर म्हणाले, आहे ती गोळी चालू ठेवा, घरी रोज मोजा, घरचे आकडे आणा, मग पुढचं ठरवू. फीफीने त्याच दिवशी मशीन विकत घेऊन आईच्या हातात दिलं. तेव्हापासून रोज सकाळी दोघां भावंडांच्या फोनवर आईचा आवाज यायचा: "एकशे चौतीस, एकोणऐंशी. देवाची कृपा." कधी एकशे तीस, कधी एकशे अडतीस. देवाची कृपा मात्र रोज सारखीच.

"दवाखान्यात एकशे शहाऐंशी आणि घरात एकशे चौतीस?" फीफी फोनवर म्हणाला होता. "आई आपल्याला बनवतेय, ताई. मशीन डब्यातून बाहेरच काढत नसणार. मनाला येईल तो आकडा ठोकून देते."

अराबाला ते पटलं होतं. आईने जन्मभर केंके, आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, विकले. 'ताजे आहेत का?' असं कुणी विचारलं तर 'अजून हाताला चटका बसतोय' असं थंडगार केंक्यांबद्दलही पापणी न हलवता सांगणारी बाई ती.

अराबा अंगणात शिरली तेव्हा आई, सेचिवा, चुलीपुढेच होती. मोठ्या पातेल्यात केळीच्या पानांत बांधलेले केंके रटरटत होते, अंगणभर आंबवलेल्या मक्याचा वास दाटला होता. दोन कामाच्या बायका पीठ मळत होत्या आणि सेचिवा स्टुलावर बसून पानं गुंडाळत होती. तिच्या उजव्या हाताची बोटं आता नीट मिटत नसत. गुंडाळी ती डाव्या हाताने करायची आणि दोरा दातांनी आवळायची.

"आलीस?" तिने लेकीकडे पाहिलं. "वाळलीस. कुमासीत जेवायला देत नाहीत वाटतं."

"आई, दोन किलो वाढलेय मी."

"मग कपडे वाढलेत त्याहून." सेचिवाने दोरा आवळला. "तुझा भाऊ येतोय ना? तिकडून फर्मान सुटलंय. तुझ्या मामालाही बोलावलंय. मला न्यायची एवढी घाई, जशी मी बंदरात अडकलेली पेटीच."

फीफी टेमाच्या बंदरात माल सोडवण्याचं काम करायचा, त्याला उद्देशून हा टोमणा होता. अराबाला हसू आलं, पण तिने ते दाबलं. ती आज भावाच्या बाजूने होती.

क्वामेना मामा दुपारी आला. सेचिवाचा हा थोरला भाऊ, घराण्याचा कर्ता. आईकडच्या घराण्यात शेवटचा शब्द मामाचा, त्यामुळे फीफीला त्याची मान हलवून घेणं भाग होतं. मामाचा एक कान पार गेला होता आणि दुसरा त्याच्या मर्जीप्रमाणे चालायचा. तो कडुनिंबाखालच्या आरामखुर्चीत बसला, खांद्यावरचं वस्त्र सारखं केलं आणि ओरडून म्हणाला, "सूप कसलं केलंय?"

"मामा, आपण बीपीचं बोलायला जमलोय," फीफी म्हणाला. तो नुकताच गाडीतून उतरला होता. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता, एका हातात फोन, दुसऱ्या हातात आईसाठी आणलेली नवी बॅग.

"बीपीचंही बोलू. सूप कसलं?"

"पामच्या फळाचं," सेचिवा म्हणाली.

"मीठ घातलंय?"

"बेताचं."

"म्हणजे नाहीच," मामा खिन्नपणे म्हणाला.

जेवणं झाली. फीफीने भांडी उचलायच्या आतच विषय काढला. खालच्या मजल्यावर खोली तयार आहे, जिना चढायला नको, न्हाणीघर लागूनच, दवाखाना पाच मिनिटांवर. आईचं आता चुलीपुढे बसायचं वय राहिलेलं नाही. अराबा मध्ये मध्ये मान डोलवत होती. सगळं खरंच होतं.

"आणि मला तिथे दिवसभर करायचं काय?" सेचिवाने विचारलं.

"आराम."

"आराम करून दमले की?"

"आई, थट्टा नको. एकशे शहाऐंशी! अर्धांगवायू व्हायला किती वेळ लागतो?"

"माझं रोज एकशे चौतीस येतं. मी कळवते की तुम्हाला."

"तेच तर." फीफी खुर्चीत पुढे सरकला. "मामा, हिला म्हणावं आत्ता मोजून दाखव. आमच्या सगळ्यांसमोर."

सेचिवाने एकवार लेकीकडे पाहिलं. अराबाने नजर चुकवली. म्हातारीने मग आतून मशीन आणलं. फीफीने ते तिच्या हातातून घेतलं, तिला चुलीपुढच्याच उंच स्टुलावर बसवलं आणि तिच्या कबा पोलक्याच्या जाड फुलाफुलांच्या बाहीवरूनच पट्टा आवळला. तिचे पाय अधांतरी होते. पातेलं शेजारी धगधगत होतं.

"घट्ट झालं," ती म्हणाली.

"असंच असतं."

"असं नसतं."

"आई, टेमात रोज लोकांना मोजताना बघतो मी. गप्प बस."

"तू गप्प बस म्हणतोस तेव्हा तूच बोलतोयस!"

"काय म्हणतेय ती?" मामा ओरडला. कामाच्या बायका हसू लागल्या. मशीन गुरगुरत फुगलं, शीळ घालत मोकळं झालं आणि आकडा उमटला.

एकशे अठ्ठ्याहत्तर.

फीफीने मशीन उचलून मामाला दाखवलं, मग अराबाला. "बघितलंत?" त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि अराबाला त्यात विजय नव्हे तर भीती ऐकू आली. "रोज खोटं सांगत होती. आपल्याला बरं वाटावं म्हणून."

सेचिवाचे ओठ घट्ट मिटले. तिने पट्टा सोडवायला हात नेला, पण उजव्या हाताच्या बोटांना तो सुटेना. अराबाने पुढे होऊन सोडवला. आईचा दंड गरम होता.

"खोटं नाही बोलले मी," सेचिवा फक्त अराबाला ऐकू येईल इतकंच पुटपुटली.

मामाने सांगितलं की निर्णय उद्या, चर्च सुटल्यावर. पण त्याने फीफीच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हाच निर्णय झाल्यासारखा होता.

रविवारी अराबाला उजाडता उजाडता जाग आली ती कोंबड्यांनी. आईची खाट रिकामी होती. चूल पेटली नव्हती. परसदाराकडून मात्र कुणाची तरी चाहूल आली, म्हणून ती पाण्याचं भांडं हातात घेऊनच तिकडे गेली आणि दाराच्या आडच थबकली.

परसात भिंतीलगत एक बाकडं होतं. त्यावर सेचिवा बसली होती, पाठ भिंतीला टेकून, दोन्ही पाय जमिनीवर. डावा हात शेजारच्या उलट्या घातलेल्या पाटीवर, खाली उशी. बाही खांद्यापर्यंत वर सारलेली. आणि तिच्यापुढे वाकून एक धिप्पाड बाई पट्टा गुंडाळत होती, दोन बोटं आत सरकवून सैल-घट्ट बघत होती. त्या बाईच्या अंगाला मासळीच्या धुराचा वास होता. तो वास अराबाने अंधारातसुद्धा ओळखला असता.

ती मान्सा होती. वडिलांची दुसरी बायको.

मान्साचं घर मागच्या गल्लीत होतं. तिच्या भट्ट्यांचा धूर भिंतीवरून रोज या अंगणात यायचा आणि सेचिवा रोज त्याला शिव्या द्यायची. अख्खं गाव सेचिवाचे केंके आणि मान्साची धुरी दिलेली मासळी एकाच ताटात खात आलं होतं, पण या दोघी बाजारातसुद्धा एका रांगेत उभ्या राहत नसत. वडील मान्साच्या घरी वारले. तेव्हा मान्साच्या भावांनी फाटक लावून घेतलं होतं, आणि विशीतला फीफी बाहेर उभा राहून हाका मारत होता. फाटक उघडलं तोवर बाप गेलेला. पुढे वडिलांची होडी मान्साच्या मुलाकडे, एकोकडे गेली, त्याचंही भांडण झालं. पण होडीचं दुःख फीफी बोलून दाखवायचा. फाटकाचं कधीच नाही. या घरात मान्साचं नावही कुणी घेत नसे. 'त्या घरातली' एवढंच.

आता 'त्या घरातली' आईच्या शेजारी बाकड्यावर बसली होती. दोघीही गप्प. मशीन अजून सुरूही केलं नव्हतं. दोघी नुसत्या समोर बघत होत्या, जशा प्रार्थनेला बसाव्यात तशा. भिंतीवर एक सरडा आला, मान वरखाली करून गेला. मान्साने मग कळ दाबली. पट्टा फुगला, सुटला. मान्साने आकडा वाचला, सेचिवाला दाखवला, तरीही बोलली नाही. पट्टा काढला, थोडं थांबली, पुन्हा गुंडाळला, पुन्हा मोजलं. मग दोघींनी जागा बदलल्या, आणि सेचिवाने आपल्या वाकड्या बोटांनी मान्साच्या दंडावर पट्टा धरला, मान्साने दुसऱ्या हाताने तो ओढून आवळला. एका मशीनला चार हात लागत होते, आणि त्यांतले तीनच धड होते.

तिचंही झाल्यावर मान्साने श्वास सोडला. "तुझं बरं आहे. एकशे छत्तीस. माझं जरा वर आहे."

"काल सुकी खारवलेली मासळी खाल्लीस."

"चाखली."

"तुझं चाखणं मला माहीत आहे. नवराही नुसता चाखायलाच घेतला होतास."

मान्सा इतकी हसली की तिला बाकड्याला धरावं लागलं. अराबाच्या हातातलं भांडं दाराला लागून वाजलं.

दोघींनी एकदम वळून पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर असा भाव अराबाने पूर्वी कधी पाहिला नव्हता. चोरून साखर खाताना धरलेल्या पोरीसारखा.

"ये," सेचिवा अखेर म्हणाली. "पाहिलंसच तर ये. उभी राहू नकोस अशी, मला दडपण येतं."

अराबा उंबऱ्यावरच बसली. "कधीपासून हे?"

"मशीन आलं तेव्हापासून. मला कुठे एका हाताने ते बांधता येतंय? गावच्या दवाखान्यात घेऊन गेले, म्हटलं शिकवा. बीपीवाल्यांच्या बाकावर ही बसली होती. माझ्या शेजारचीच जागा रिकामी."

"मी नव्हते सरकले," मान्सा म्हणाली. "हीच येऊन बसली."

"दुसरीकडे जागा नव्हती म्हणून. तर ती नर्स बाई सगळ्यांना ओरडतेय, मोजण्याआधी शांत बसा, तोंडं बंद ठेवा, बडबडीने बीपी चढतं. बाकीच्या बायका कसल्या ऐकताहेत! मग तिने आमच्याकडे बोट दाखवलं. म्हणाली, या दोन आज्या बघा, किती शहाण्या, एक शब्द नाही बोलल्या आल्यापासून."

अराबाने तोंडावर हात धरला.

"तीस वर्षं नाही बोललो, तिला काय ठाऊक," मान्सा म्हणाली. "पण मला हसू फुटलं. आणि बघते तर हिलाही."

"मग दुसऱ्या दिवशी परसदारी आली. काही बोलली नाही. हात पुढे केला, मी मशीन दिलं. मापाच्या वेळी बोलायचं नाही, हा नियमच आहे. आम्हाला बरा पडला. बोलायला लागलो ते नंतर. हळूहळू."

"मग आम्हाला का नाही सांगितलंस? आई, काल फीफी तुला खोटारडी म्हणाला!"

सेचिवाने बाही खाली ओढली. "हिच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नका, असं शिकवून वाढवलं तुम्हाला. आता कुठल्या तोंडाने सांगू की तिच्यावाचून माझी सकाळ होत नाही?"

मान्सा उठली, पदरासारखं खांद्यावर टाकलेलं वस्त्र नीट केलं. "टेमाला नेणार म्हणे हिला." ती अराबाकडे न बघता बोलली. "गाव बोलतंय. नेणार असाल तर नीट मोजणारं माणूस बघा. हिचा दंड बारीक आहे, पट्टा सैल राहतो."

आणि ती परसदाराने निघून गेली. अराबाच्या डोळ्यांपुढे कालचं स्टूल आलं, ती जाड बाही, अधांतरी पाय, पेटलेली चूल, आरडाओरडा. आणि डॉक्टरांचं वाक्य, जे भावाने तिला स्वतःच फोनवर सांगितलं होतं: घरचे आकडे आणा, मग ठरवू. घरचे आकडे त्यांनी आणलेच नव्हते. घरच्या आकड्यांवर त्यांचा विश्वासच नव्हता.

चर्चमधून आल्यावर मंडळी पुन्हा कडुनिंबाखाली बसली. फीफीने आईची बॅग भरून दाराशी ठेवली होती. मामाने घसा साफ केला.

"मामा, त्याआधी मला बोलायचंय," अराबा म्हणाली. आवाज खाली आला नाही, हे तिचं तिलाच जाणवलं. "आई इथेच राहील."

फीफी तिच्याकडे बघतच राहिला. "काल तर तू..."

"काल आपण चुकीचं मोजलं. आई खोटं बोलत नाहीये, मी सकाळी डोळ्यांनी पाहिलं. शांत बसवलं, उघड्या दंडावर, पाठ टेकून, तर एकशे छत्तीस."

"तू मोजलंस?"

अराबा अडखळली. आईने तिच्याकडे पाहिलं आणि एक सुस्कारा टाकला. "मान्साने मोजलं," सेचिवा म्हणाली. "रोज तीच मोजते."

मामाच्या ऐकणाऱ्या कानालासुद्धा ते नाव पोचलं असावं, कारण तो आरामखुर्चीत सरळ झाला.

"कोण?" फीफी म्हणाला. त्याच्या कपाळावरची शीर उठली. "त्या घरातली? या घरात? आई, बाबा गेले त्या दिवशी..."

"मला माहीत आहे बाबा कसे गेले."

"मग? तिच्या हातात हात देतेस? आणि त्यासाठी माझ्याबरोबर यायचं नाही म्हणतेस? मी खोली बांधली तुझ्यासाठी!"

"तू खोली बांधलीस," सेचिवा शांतपणे म्हणाली, "आणि तुझ्या त्या खोलीत मी एकटी असणार. तू सकाळी जातोस, रात्री येतोस. तुझी बायको दुकानात. इथे माझ्या परसदाराशी सकाळी कुणीतरी येतं, फीफी. माझ्या नवऱ्याच्या गोष्टी जिच्याशी बोलता येतील अशी जगात आता एकच बाई उरलीय. त्याचं घोरणं मला माहीत, नाहीतर तिला."

मामा खो खो हसू लागला. बहुधा घोरणं तेवढंच त्याला ऐकू आलं होतं.

तेवढ्यात समोरच्या फाटकाची कडी वाजली. मागच्या नव्हे, समोरच्या. अराबाने वळून पाहिलं. मान्सा आत येत होती, चर्चच्या पांढऱ्या-निळ्या कपड्यांत, डोक्याला रुमाल बांधलेला, आणि मागे तिचा मुलगा एको, हातात मासळीची परडी घेऊन, कुठे बघावं ते न कळणारा. समोरच्या फाटकातून ही बाई या घरात कधीच आली नव्हती.

"क्वामेनादादा," तिने मामाला वाकून नमस्कार केला. "काल इथे एकशे अठ्ठ्याहत्तर निघालं असं बाजारात कळलं. मला ते पटत नाही. तुमच्यासमोर मोजते. मग न्यायचं तर न्या."

फीफी उभा राहिला. एकोने परडी खाली ठेवली. दोघे भाऊ, एकाच बापाचे, तीच रुंद हनुवटी, एकमेकांकडे बघत राहिले. मामाने हात वर केला.

"मोजा," तो म्हणाला. "भांडण पळून जात नाही."

मान्साने सेचिवाला आरामखुर्चीत बसवलं, त्यासाठी चक्क मामाला उठवलं. पाय जमिनीवर, हात उशीवर, बाही वर. "आता कुणी बोलायचं नाही," ती म्हणाली. "मशीन लागायच्या आधीपासून."

एवढी माणसं त्या अंगणात एकत्र गप्प बसल्याचं अराबाला आठवत नव्हतं. समुद्राचा आवाज ऐकू येऊ लागला, एरवी तो तिथे असूनही कुणाला ऐकू यायचा नाही. फीफी उभाच होता. त्याची नजर आधी मान्साच्या हातांवर होती, राखेने कायमच्या काळवंडलेल्या बोटांवर, ती आईच्या दंडाभोवती फिरत होती. मग आईच्या चेहऱ्यावर गेली. सेचिवाने डोळे मिटले होते. तिच्या कपाळाची एकूण एक आठी उतरली होती.

मान्साने कळ दाबली.

"झालं का?" मामा गरजला.

"दादा!" दोघी सवती एकदम ओरडल्या, आणि सगळं अंगण हसलं. एकोसुद्धा. फीफी सोडून सगळे.

पुन्हा शांत बसणं आलं. पुन्हा कळ. या वेळी मामाने स्वतःच्या तोंडावर हात धरला होता.

"एकशे चाळीस, ब्याऐंशी," अराबाने वाचलं. थोडं थांबून पुन्हा घेतलं तेव्हा एकशे सदतीस आलं.

"चार माणसांत आहे म्हणून इतकं," मान्सा म्हणाली. "परसात याहून कमी येतं."

मामाने मशीन डोळ्यांजवळ धरलं, समाधानाने हुंकार दिला. "हे आकडे डॉक्टरला दाखवायचे. सेचिवा इथे राहील. गोळी चुकवायची नाही. फीफी, तुझी खोली वाया जात नाही, सणाला येईल ती."

"मशीनच चुकत असेल तर?" फीफी म्हणाला. पण आता त्याच्या आवाजात दम नव्हता. तो घामाने डबडबला होता, आणि अराबाच्या लक्षात आलं की तो कालपासून एकदाही निवांत टेकलेला नाही.

"तसं असेल तर तुझं घेऊन बघू," ती म्हणाली. "तू धडधाकट. तुझं बरोबर आलं की मशीन बरोबर."

त्याला नाही म्हणता आलं नाही. सगळे बघत होते. तो खुर्चीत बसला, बाही दुमडली आणि हात अराबाकडे केला. पण पट्टा मान्साच्या हातात होता, आणि ती जागची हलली नाही. मग फीफीने हात तसाच उशीवर ठेवला आणि नजर दुसरीकडे वळवली. मान्सा वाकली.

"पाय एकावर एक नकोत. पाठ टेक."

त्याने टेकली. पट्टा गुंडाळला गेला. तो जवळ आलेला धुराचा वास असेल, किंवा ते हात, पण फीफीच्या घशातून शब्द आले. "त्या दिवशी फाटक..."

"आत्ता नाही," मान्सा हळूच म्हणाली. "आकडा चढेल. झालं की बोल. मी ऐकून घेईन, सगळं."

त्याने तोंड मिटलं. बराच वेळ कुणी हललं नाही. मशीन फुगलं, सुटलं. मान्साने आकडा पाहिला आणि तो सेचिवाकडे वळवला. दोघींच्या नजरा मिळाल्या. अराबा खांद्यावरून डोकावली. एकशे अडुसष्ट, एकशे चार.

"पुन्हा घेऊ," सेचिवा म्हणाली.

पुन्हाही तेवढंच. तिसऱ्यांदा जरासं कमी.

"मशीन..." फीफीने सुरुवात केली.

"मशीन ठीक आहे, बाळा," सेचिवा म्हणाली. ती उठून त्याच्यामागे उभी राहिली आणि तिचा वाकडा हात त्याच्या मानेवर टेकला. "डोकं दुखतं तुझं?"

त्याने कपाळ चोळलं. "दुखतं. सकाळी. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल."

"कधी मोजलं होतंस?"

"मी कशाला मोजू? मी लोकांचं बघतो."

मामाला अराबाने कानात ओरडून सांगितलं. त्याने मान हलवली. "आज गाडी चालवायची नाही. उद्या दवाखाना. तोवर आराम." आणि मग, अगदी मनापासून, "आता यालाही बिनमिठाचं सूप."

पहिला हसला तो एको. "मी नेतो त्याला उद्या केप कोस्टला," तो अराबाला म्हणाला, फीफीला ऐकू जाईल असं. "मला तिकडे जायचंच आहे. जाळ्याचं सामान आणायला."

फीफी हो म्हणाला नाही. पण नाहीही म्हणाला नाही.

"झालं माप," मान्सा पट्टा गुंडाळत म्हणाली. "आता बोल, काय म्हणत होतास?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. बाही खाली केली. "काही नाही," तो शेवटी म्हणाला. "मग कधीतरी."

"मी मागच्याच गल्लीत आहे," मान्सा म्हणाली.

दुपारी अराबाने दाराशी भरून ठेवलेली आईची बॅग आत नेऊन रिकामी केली. संध्याकाळी एकोच्या परडीतली मासळी आणि घरचे केंके एकाच ताटात आले, आणि फीफी काही न विचारता जेवला.

सोमवारी उजाडताना अराबा परसातल्या लहान चुलीवर लापशी ढवळत होती. भिंतीलगतच्या बाकड्यावर तिघं बसली होती. एका टोकाला सेचिवा, दुसऱ्या टोकाला मान्सा, मध्ये फीफी, पाठ टेकून, पाय जमिनीवर, बाही खांद्यापर्यंत वर. त्याने काहीतरी विचारायला तोंड उघडलं. मान्साने नुसतं बोट वर केलं. त्याने तोंड मिटलं, आणि लहानपणी मास्तरांनी दटावल्यावर बसायचा तसा बसून राहिला.

मशीन थांबलं. मान्साने आकडा वाचला. "एकशे अठ्ठावन्न. कालच्यापेक्षा बरं. पण दवाखान्यात जायचंच, ऐकतोयस ना? आणि डॉक्टरसमोर वाद घालायचा नाही."

"हो, धाकटी आई," फीफी म्हणाला.

अराबाचा हात पळीवरच थांबला. लापशी खालून लागायला लागली, तरी तिने लगेच ढवळली नाही.